माशांच्या पेटीला सांडवा

मंडळी,

आज आपण माशांविषयी बोलणार आहोत. हसू नका. मासे रांधण्याविषयी नाही, मासे पाळण्याविषयी. त्यातही एकच गोष्ट आम्ही सांगणार आहोत. पाण्यातल्या माशाला हवा कुठून मिळते, आणि ती वाट आपण नकळत कशी बुजवतो.

तुम्ही म्हणाल, माशाला पाणी दिले, खायला दिले, की झाले. आणखी काय पाहिजे त्याला? आम्हालाही असेच वाटत होते. म्हणून आमची चूक आधी सांगतो. उपाय मागाहून सांगू.

रिसोड तालुक्यातल्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग भरत असे. एकदा आरोग्य सेवक गावात आले. त्यांनी हौदांत सोडायला गप्पी मासे दिले. गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले दहा-बारा मासे आम्ही वर्गात ठेवून घेतले. कुणीतरी एक जुनी काचेची पेटी दिली. एका मुलाने वाशीमच्या बाजारातून चार सोनेरी मासे आणले. पेटी खिडकीजवळ ठेवली. मांजर येऊ नये म्हणून वर फळी झाकली. झाले, वर्गाला शोभा आली! अक्षरे गिरवून थकलेली मंडळी घटकाभर माशांकडे बघत बसत.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग पाण्यावर काहीतरी दिसू लागले. दुधावर साय धरते ना, तसे. तिरपे पाहिले की त्यात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत. आम्ही मनात म्हटले, असेल काहीतरी. खालचे पाणी तर स्वच्छ आहे!

एके दिवशी वर्गातल्या एक आजी पेटीपाशी वाकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्या मासोया वर येऊन तोंड काहून वासून राह्यल्या जी?"

आम्ही म्हटले, "भूक लागली असेल, आजी." आणि मूठभर खाणे वरून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले. चार सोनेरी माशांपैकी तीन पोट वर करून पडले होते. गप्पी मासे तेवढे अगदी पाण्याच्या कडेला तोंड लावून जिवंत होते. आजी आल्या. त्यांनी पाहिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भूक नवती जी. दम लागला होता त्याह्यले."

मंडळी, आजींचे बोलणे बरोबर होते. आम्ही चार पुस्तके वाचलेली माणसे. मासे आमच्याशी बोलत होते. ते आम्हाला वाचता आले नाही.

मासा श्वास कसा घेतो?

आपल्याला प्राणवायू लागतो. माशालाही लागतो. आपण तो हवेतून घेतो. मासा तो पाण्यातून घेतो. तो तोंडाने पाणी ओढतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. जाता जाता कल्ले पाण्यात विरघळलेला प्राणवायू टिपून घेतात.

पण पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी कोमट असेल तर, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे हवेच्या मानाने पस्तीस-छत्तीस पटीने कमी. मासा असा थोडक्यात संसार करतो! शिवाय पाणी जितके तापेल तितका प्राणवायू कमी मावतो. आपल्या वैशाखात पाणी कसे तापते ते तुम्हाला सांगायला नको.

आता हा प्राणवायू पाण्यात येतो कुठून? पाणवनस्पती उजेडात थोडा तयार करतात. बाकीचा येतो वरच्या हवेतून. हवा आणि पाणी जिथे भेटतात, त्या पाण्याच्या पाठीवरून तो आत शिरतो. पेटीला ही एवढीच खिडकी. बाजूच्या काचांतून हवा आत जात नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. निवांत पाण्यात प्राणवायू वरून खाली फार सावकाश उतरतो. हवेत पसरतो त्याच्यापेक्षा सुमारे 10 हजार पटीने सावकाश. म्हणून वरच्या पाण्यात प्राणवायू असला, तरी तळाला तो पोचत नाही. पाणी हलले, वरचे खाली आणि खालचे वर झाले, तरच तो सगळीकडे जातो. ताक घुसळल्याशिवाय लोणी निघते का? तसेच हे आहे.

तवंग काय करतो?

पाण्यावरची ती साय म्हणजे तवंग. आमच्या पेटीत तो कुठून आला? शेजारच्या चुलीवर फोडणी पडे, तिचा तेलकट धूर येई. मुले तेलाच्या हाताने माशांना खाणे देत. ते खाणेही तेलकट. वरून धूळ पडे. उरलेले खाणे कुजे. हे सगळे हलके. ते बुडत नाही. पाण्याच्या पाठीवर पसरते. मग त्यावर सूक्ष्म जंतू वाढतात आणि साय दाट होते.

तवंग हवेची वाट अगदी बंद करतो असे नाही. पण तो पाण्याची बारीक लाट दाबून टाकतो. लाट दबली की घुसळण थांबली. घुसळण थांबली की खालच्या माशाची उपासमार सुरू झाली. ती खाण्याची नव्हे, हवेची.

तेलाची ताकद तुम्ही पाहिलेली आहे. गटारात, डबक्यात तेल टाकतात. त्याचा पातळ थर पाण्यावर पसरतो. डासाची अळी शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून हवा घेते. तेलाने ती वाट बंद होते आणि अळी मरते. माशांची पिल्ले वाढवायच्या तळ्यातही, पिल्ले सोडण्याआधी, तेल आणि साबण मिसळून पसरतात. पिल्ले खाणारे किडे त्याने गुदमरतात. अळीची आणि माशाची श्वास घेण्याची रीत वेगळी आहे. पण पाण्याची पाठ किती मोलाची, हे दोन्हींवरून कळते.

आमचे गप्पी मासे का वाचले? त्यांचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. पाण्याच्या अगदी वरच्या थरात प्राणवायू जास्त असतो. तेवढेच पाणी ते टिपून घेत होते. सोनेरी मासे मोठे. त्यांना तेवढ्यावर भागेना. त्यात आम्ही मूठभर खाणे टाकले. ते रात्रभर कुजले. कुजण्यालाही प्राणवायू लागतो. उरलासुरला तोही गेला.

सांडवा कशाला?

आता उपाय. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या वाशीम जिल्ह्यात जागोजागी धरणे आणि तलाव आहेत. वाशीम शहराला पाणी देणारे एकबुर्जी आहे. मालेगाव तालुक्यात सोनल आहे. कारंजाकडे अडाण आहे. पावसाळ्यात तलाव भरला की काय होते? सांडव्यावरून पाणी जाते. आधी कोणते पाणी जाते? वरचे. काडी, पाला, फेस, सगळे त्याच्याबरोबर वाहून जाते.

माशांच्या पेटीलाही असा एक छोटा सांडवा पाहिजे. वरचे पाणी रोज थोडे थोडे सांडले पाहिजे.

पहिली रीत बिनपैशाची आहे. वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद घ्या, किंवा साधा कोरा कागद घ्या. तो पाण्यावर आडवा टेकवा. तवंग त्याला चिकटतो. कागद एका बाजूने हळूच ओढून काढा. दोन-तीन कागदांत पाणी आरशासारखे होते.

दुसरी रीत पेल्याची. विहिरीवर घागर भरताना आपण काय करतो? हाताने वरचा कचरा दूर सारतो आणि मग घागर बुडवतो. इथे उलटे करायचे. पेला सरळ धरून हळूहळू खाली दाबायचा. त्याची कड पाण्याच्या किंचित खाली गेली की वरचे पाणी चारी बाजूंनी आत धावते. तवंगही त्याच्याबरोबर येतो. ते पाणी कुंडीतल्या तुळशीला घाला, चांगले खत आहे.

तिसरी रीत विजेची. बाजारात पाण्यात बुडणारा छोटा पंप मिळतो. त्याच्या ओढणाऱ्या तोंडाला नळी बसवा. नळीच्या वरच्या टोकाला प्लास्टिकची छोटी वाटी बसवा. वाटीच्या काठाला करवतीच्या पात्याने बारीक दाते पाडा. वाटी अशी अडकवा की तिचे दाते पाण्याच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढे राहतील. पंप सुरू झाला की वरचे पाणी दात्यांमधून वाटीत सांडते. हा झाला तुमचा सांडवा!

दाते कशासाठी? पिल्लू आत ओढले जाऊ नये म्हणून. वाटीत स्पंजचा तुकडाही ठेवा. घाण त्यात अडकते.

इथे आमची दुसरी फजिती झाली, तीही सांगतो. उन्हाळ्यात पेटीतले पाणी आटले. वाटी उघडी पडली. पंप नुसती हवा ओढून घरघर करू लागला. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी करतो. काचेवर एक रेघ मारून ठेवली आहे. रोज त्या रेघेपर्यंत पाणी भरतो. आणि वाटीच्या खालच्या नळीला तळाजवळ एक छोटी खाच पाडली आहे. आता निम्मे पाणी वरून येते, निम्मे तळातून. वरचा तवंगही निघतो, तळाचे शिळे पाणीही निघते. वाटी उघडी पडलीच, तरी पंप कोरडा चालत नाही.

पाणी फिरवायचे कसे?

पंपाने ओढलेले पाणी परत पेटीतच सोडायचे. पण कुठे? ओढणारी वाटी एका कोपऱ्यात असेल, तर सोडणारी नळी समोरच्या कोपऱ्यात ठेवा. तिचे तोंड किंचित वर, पाण्याच्या पाठीकडे करा. पाण्याची पाठ थरथरली पाहिजे. कारंजे उडायला नको. थरथर चालू राहिली की तवंग आपोआप सांडव्याकडे ढकलला जातो, आणि सगळे पाणी गोल फिरते.

पंप केवढा घ्यावा? येथे आपले गणित कामी येते. पेटीची लांबी 60 सेंटिमीटर, रुंदी 30, आणि पाण्याची उंची 35 आहे असे धरा. तिन्हींचा गुणाकार करा. 63 हजार येतो. त्याला हजाराने भागा. म्हणजे पेटीत 63 लिटर पाणी आहे. तासाला ते सुमारे चार वेळा फिरावे. 63 चोक 252. म्हणून तासाला 250 ते 300 लिटर पाणी फेकणारा पंप पुरतो. यापेक्षा मोठा घेतला तर मासे दिवसभर पुराशी झुंजत बसतील.

हवेचे बुडबुडे सोडणारा पंपही चालतो. पुष्कळांना वाटते, बुडबुड्यातली हवा मासा खातो. तसे नाही. बुडबुड्यातून थोडाच प्राणवायू पाण्यात उतरतो. त्यांचे मोठे काम वेगळे आहे. ते तळाचे पाणी उचलून वर आणतात आणि वरचा तवंग फोडतात. काम पुन्हा घुसळण्याचेच.

वीज गेली तर? खेड्यात वीज जातेच. तेव्हा तांब्या घ्या. पेटीतले पाणी भरा आणि हातभर उंचीवरून परत पेटीत ओता. वीस-पंचवीस तांबे ओतले की माशांना धीर येतो.

आता जपून ऐका, कारण विजेशी खेळ आहे. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करा आणि पिन काढून ठेवा. हात ओला असताना पिनेला शिवू नका. वायर आधी खाली झोल देऊन मगच वर बटणाकडे न्या. म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोलातच गळून पडते, बटणात शिरत नाही. बुडबुड्यांचा पंप पेटीच्या वरच्या पातळीला ठेवा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पेटीतले पाणी नळीतून उलटे पंपात येते.

बाकीची पथ्ये सोपी आहेत. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग घाला. तेलाचा हात पाण्याला लावू नका. फळी झाकायची तर जाळी झाका, हवा खेळू द्या. आणि अरुंद गळ्याच्या गोल भांड्यात गळ्यापर्यंत पाणी भरू नका. पाणी जास्त दिसते, पण खिडकी लहान होते.

शेततळ्याचे काय?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, काचेची पेटी आमच्या घरी कुठे? बरोबर आहे. पण शेततळे तर आहे ना? 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. त्यानंतर आपल्याकडे शेतोशेती तळी झाली. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल तळ्यात, काठ उतरते धरून, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. कुणी त्यात कटला, रोहू, मृगळ सोडतात. कटला वरचे खातो, रोहू मधले खातो, मृगळ तळाचे खातो. पण श्वासाची खिडकी तिघांना एकच.

आमच्या वर्गातल्या पाच बायांच्या बचत गटाने असेच मासे सोडले होते. श्रावणात तीन दिवस आभाळ दाटून राहिले. ऊन नाही, वारा नाही. तळ्याचे पाणी हिरवेगार झालेले. त्यातले शेवाळ उजेडात प्राणवायू देते, पण रात्री तेच प्राणवायू खाते. ऊन नसले की जमा कमी आणि खर्च तेवढाच. पहाटेला तिजोरी रिकामी होते. माशांचे मरण म्हणूनच बहुधा पहाटे येते.

त्या दिवशी झुंजुमुंजू असताना गटातली एक बाई तळ्यावर गेली. सगळे तळे तोंडे वासून उभे होते. वर्गातल्या पेटीची गोष्ट तिला आठवली. तिने मुठीने खाणे टाकले नाही. घरी धावत आली. नवऱ्याला उठवले. मोटार सुरू केली. तळाचे पाणी ओढून ते फवाऱ्यासारखे तळ्यावरच उडवले. बाकीच्या जणी आल्या. दोघींनी जुन्या साडीचा पदर दोन्ही टोकांना धरून पाण्यावरून ओढत नेला आणि शेवाळाची साय एका काठाला आणली. तिथून टोपल्यांनी उपसली. ऊन वर येईपर्यंत हे चालले. काही मासे मेले. पुष्कळ वाचले. वर्षाची मेहनत वाया गेली नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी खाणे बंद ठेवले आणि शेणखत तर मुळीच टाकले नाही.

पुढे त्यांनी एक नेम केला. आभाळ आले की पहाटे पाळीने कुणीतरी तळ्यावर जायचे. मासे वर दिसले, आणि माणसाची चाहूल लागूनही खाली गेले नाहीत, तर मोटार लावायची. एवढाच नेम.

आमच्या वर्गातली ती पेटी अजून आहे. वाचलेला सोनेरी मासा आता वीतभर झाला आहे. आजी रोज आल्या की आधी पेटीपाशी जातात. तिरप्या नजरेने पाण्याची पाठ बघतात. थरथर दिसली की मग पाटी हातात घेतात.

तर मंडळी, उद्या वर्गाला येताना एक काम करा. घरी हौद असेल, पेटी असेल, शेततळे असेल, त्याची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मोजून कागदावर लिहून आणा. किती लिटर पाणी आहे, ते आपण मिळून काढू. आणि पहाटे उठून पाण्याची पाठ एकदा बघून या. काय दिसले, तेही दोन ओळींत लिहून आणा.